तेल सुटेपर्यंत परता

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी कायमस्वरूपी मिळतात, ग्रीन कार्ड आणि कोलेस्टेरॉल. पहिल्यासाठी अर्ज, वकील, फी आणि वर्षानुवर्षांची रांग. दुसरं घरपोच. चाळिशी उलटली की रक्ततपासणीचा अहवाल येतो, डॉक्टर चष्म्यावरून बघतात आणि 'रेड मीट कमी करा' म्हणतात. हे वाक्य घेऊन माणूस घरी येतो आणि त्याचा अर्थ लावायला बैठक बसते. रेड म्हणजे नेमकं काय? बोकडाचं मटण तांबड्या रश्श्यासोबतही येतं आणि पांढऱ्यासोबतही. मग पांढऱ्याबरोबरचं चालत असेल का? कोल्हापूरकडच्या माणसाला हा प्रश्न अगदी मनापासून पडतो, आणि मी कोल्हापूरकडचा आहे.

अशा कोंडीत सापडलेल्याच्या मदतीला ऑफिसातला गोरा सहकारी धावून येतो. हा सहकारी पहाटे चारला उठून, एखादा डोंगर चढून, उतरून, आंघोळ करून आठाच्या मीटिंगला ताजातवाना बसलेला असतो. तो सांगतो, "बायसन खा. चिकनपेक्षा हलका." कोलोरॅडोत हे सांगणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. नसला तर जिममध्ये असतो.

बायसन इथं परका नाही. डेन्व्हरहून आय-सेव्हंटी महामार्गानं पश्चिमेला डोंगरात निघालं की अर्ध्या तासात जेनेसी पार्क लागतं. तिथं 1914 पासून डेन्व्हर शहराचा स्वतःचा बायसनचा कळप आहे. शहराचा म्हणजे नगरपालिकेचा. आपल्याकडे नगरपालिकेच्या ताब्यातली जनावरं म्हणजे कोंडवाड्यातली; इथं त्यांना महामार्गाच्या अलीकडून पलीकडे जायला खालून बोगदा काढून दिलाय. भारतातून पाहुणे आले की मराठी घरं त्यांना हा कळप दाखवायला नेतात. कुंपणापाशी उभं राहून पाहुणे "अबब, केवढा हा!" म्हणतात, फोटो काढतात, आणि परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून कुणीतरी हळूच विचारतं, "लागतो कसा?"

दुकानात तो खिम्याच्या रूपात भेटतो. पाकिटावर बर्फाचे डोंगर, डोंगरांपुढे बायसन आणि बायसनच्या चेहऱ्यावर करारी भाव. चिकनच्या पाकिटावर त्या कोंबडीचा चेहरा कुणी छापत नाही, कारण तो बघून कुणाला स्फूर्ती येणार नाही. बायसनचं तसं नाही. पूर्ण वाढलेला नर 900 किलोपर्यंत भरतो, ताशी 55 किलोमीटरनं पळतो, बर्फ पडला की डोकं फावड्यासारखं चालवून खालचं गवत काढतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्याच्यापासून किमान 25 यार्ड लांब राहा अशा पाट्या आहेत, आणि त्या वाचूनही सेल्फीसाठी जवळ जाणाऱ्यांना तो दरवर्षी हवेत उडवतो. इतका धडधाकट प्राणी खाल्ला की आपणही धडधाकट होऊ, हा त्या पाकिटामागचा तर्क. या हिशेबानं गोगलगाय खाणाऱ्या फ्रेंच माणसाला अजून कामावर पोचायचं असेल.

खरी मेख वेगळीच आहे. बायसन दिवसभर चालतो, गवत खातो, ताण घेत नाही आणि रात्री अकराला फ्रिज उघडून उभा राहत नाही. डॉक्टरांनी आपल्याला जे जे सांगितलं ते सगळं तो करतो. आपण ते न करता, ते करणाऱ्याला खातो.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय आरोग्य नाही. शंभर ग्रॅम शिजवलेल्या, चरबी टिपून काढलेल्या बायसनमध्ये 143 कॅलरी, 2.4 ग्रॅम चरबी, 28 ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह. त्याच तक्त्यात कातडी काढलेल्या कोंबडीला 190 कॅलरी आणि 7.4 ग्रॅम चरबी. हा तक्ता बायसन पाळणाऱ्यांचा फार लाडका आहे आणि आकडे खरे आहेत. फक्त त्यातली कोंबडी तंगडीसकट मोजलेली आहे. नुसती छाती घेतली तर कोंबडी 165 कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम चरबीवर येते. उलट आपण जो खिमा घेतो त्यात बऱ्याचदा दहा टक्के चरबी असते, म्हणजे तक्त्यातला बायसन आणि पाकिटातला बायसन हे सख्खे भाऊ असले तरी एकाच तब्येतीचे नव्हेत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते कोलेस्टेरॉल? बायसन 82 मिलिग्रॅम, बीफ 86, कोंबडी 89. सगळे ऐंशीच्या घरात शेजारी-शेजारी. ताटातलं कोलेस्टेरॉल रक्तात जसंच्या तसं उतरत नाही, त्यात संपृक्त चरबीचा हात मोठा, हे मान्य. तरी पौंडाला दहा-बारा डॉलर मोजून आलेल्या माणसाला हा आकडा दाखवू नये. त्याची दुसऱ्यांदा तपासणी करावी लागेल.

पण पैशांच्या आधी धर्म येतो. बायसन म्हणजे गाय का?

या प्रश्नावर परदेशातली मराठी मंडळं दुभंगू शकतात. आमच्याकडे गणपती झाल्यावरच्या एका जेवणात कुणीतरी बायसनचे कबाब आणले आणि प्रसादाचं ताट दुसऱ्या टेबलावर हलवावं लागलं. पहिला पक्ष म्हणाला, हा रानटी प्राणी, याचा गाईशी संबंध नाही, याचं शास्त्रीय नावच 'बायसन बायसन', दोनदा सांगितलंय. दुसऱ्या पक्षात एक जीवशास्त्रवाले निघाले. त्यांनी सांगितलं की जनुकं तपासणारे बरेच शास्त्रज्ञ त्याला गाईगुरांच्याच 'बॉस' या प्रजातीत घालतात, त्याचा आणि गाईचा संकर होतो, त्या संकराला बीफॅलो म्हणतात आणि तो बाजारात मिळतो. हे ऐकून काही जणांनी तोंडातला घास कुठं ठेवावा या विचारानं छताकडे पाहिलं. शेवटी तोडगा असा निघाला की ज्यांना खायचं नाही त्यांनी जनुकशास्त्र प्रमाण मानावं आणि ज्यांना खायचं आहे त्यांनी जुनं वर्गीकरण. दोन्ही पक्षांना विज्ञानाचं पाठबळ मिळून भांडण मिटल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण. आमच्या घरात बायको जनुकशास्त्राकडे आहे. मी बायसन करतो त्या दिवशी ती मसुराची आमटी करते.

गावाकडची अडचण निराळी. आमचे मामा राधानगरी तालुक्यात असतात. तिथलं दाजीपूरचं जंगल 1958 पासून गव्यांचं, म्हणजे आपल्याकडच्या बायसनचं, अभयारण्य आहे, आणि गवे अभयारण्याची हद्द मानत नाहीत. व्हिडिओ कॉलवर मामांना कढईतलं दाखवलं, तर ते सावरून बसले.

"आरं भाच्या, हितं गव्यांनी आमचा ऊस खाल्ला. रात-रात जागून डबं बडवायचं, तर ते आमच्याकडं बघत उभं ऱ्हातंय. आन तुम्ही तिकडं त्यालाच खाताय व्हय? फॉरेस्टवाल्यास्नी कळलं तर उचलून न्हेतील की रं!"

"मामा, हा तो नव्हे. इथला वेगळा प्राणी आहे."

"वेगळा म्हंजे? शिंगं हाईत?"

"आहेत."

"वशिंड?"

"आहे."

"मग काय वेगळं?"

आपला गवा अंगानं तुळतुळीत, पायात पांढरे मोजे घातलेला. हा इथला डोक्या-खांद्यांवर लोकरीचं घोंगडं पांघरलेला. हे सगळं समजावून सांगितलं. गवा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, गोव्याचा तो राज्यप्राणी आहे, त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही, हे मामांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याचे पंचनामे त्यांच्याच बांधावर होतात. डिसेंबर 2020 मध्ये एक गवा वाट चुकून पुण्यात कोथरूडला शिरला तेव्हा बघ्यांच्या गर्दीत धावून-धावून तो इतका थकला की पकडल्यावर त्याचा जीवच गेला. ती आठवण निघाल्यावर मामा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, किलोला काय भाव?" मी सांगितला. त्यांनी रुपये केले. "एवढ्यात हितं अडीच किलो मटान येतंय," ते म्हणाले आणि फोन मामीकडे दिला.

आता कढईकडे वळू, कारण सगळा घोळ तिथं आहे.

मराठी पाककृतीत घड्याळ नसतं. किती मिनिटं, किती अंश, असले प्रश्न आपल्या आयांनी कधी विचारले नाहीत. आपल्याकडे एकच माप, 'तेल सुटेपर्यंत परता'. मसाला परतला का, खिमा झाला का, वाटण कच्चं राहिलं का, या सगळ्याचं उत्तर कढईच्या कडेला दिसतं. तिथं तेल चमकलं की पुढची पायरी. इथं दुसऱ्या पिढीच्या मुलीसुद्धा फोनवर आजीला विचारतात ते हेच, "आज्जी, किती वेळ?" आणि आजी सांगते, "तेल सुटेपर्यंत गं."

बायसनच्या बाबतीत हे वाक्य म्हणजे जन्मठेप आहे.

प्रयोग करून पाहावा. कढई तापवा, चमचाभर तेल घाला, कारण डॉक्टरांनी चमचाच सांगितलाय. चिरलेला कांदा टाका. तो गुलाबी व्हायच्या आधीच तळाला धरायला लागतो. आलं-लसूण, हळद, आणि त्यावर खिमा. बोकडाचा खिमा कढईत पडला की थोड्या वेळात त्याची चरबी वितळते, कडेनं बारीक बुडबुडे धरतात, चरचर सुरू होते, वास जिन्यापर्यंत जातो. बायसनचा खिमा काळपट लाल असतो. मांसात चरबीच्या रेषा नसल्यामुळे रंग गडद. तो कढईत पडतो आणि गप्प राहतो. मग थोडं पाणी सोडतो. पाणी आटतं. मग करडा होतो. मग चिकटतो. तुम्ही उलथन्यानं खरवडता, तो आणखी बारीक होतो, आणि तरी कडा कोरड्याच. त्या क्षणी मराठी माणसाचा आरोग्यावरचा विश्वास डळमळतो. पिढ्यान्‌पिढ्यांची खूण दिसत नाहीये, म्हणजे काहीतरी कच्चं आहे, अशुभ आहे. तेल सुटण्यासाठी ते आधी आत असावं लागतं, हे साधं पदार्थविज्ञान त्याला त्या वेळी सुचत नाही. हात आपोआप बरणीकडे जातो आणि दुसरा चमचा पडतो. तोही चमचा नसतो, पळी असते. चमचा आणि पळी यांतला फरक आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार डोळेझाकीनं मिटवलेला आहे.

पळीनंतर वाटण येतं. कोल्हापुरी वाटण म्हटलं की भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस. खोबरं भाजताना हाताला जे तुपकट लागतं ती नुसती भावना नव्हे. शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्यात 64 ग्रॅमच्या वर चरबी असते आणि तीही बहुतेक सगळी संपृक्त. तेवढी चरबी तक्त्यातल्या बायसनमधून मिळवायची तर अडीच किलोहून जास्त मांस खावं लागेल. म्हणजे बायसननं वर्षानुवर्षं राखलेला तो सडपातळपणा वाटणाच्या एका वाटीत संपतो. वर तर्री. तर्रीशिवाय रस्सा वाढला तर पाहुणे तो आजाऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवतील. आमचे एक नागपूरकर स्नेही सावजी पद्धतीनं बायसन करतात. त्यांच्या पातेल्यात बायसन तळाशी असतो, मध्ये रस्सा आणि वर दोन बोटं तेल. ते ताट पुढं ओढून म्हणतात, "पण मांस लीन आहे हं." मालवणच्या वहिनी ओला नारळ घालतात, म्हणजे चरबी ताजी. पुण्याच्या मंडळींनी खाल्ला नाही, पण कसा करायला हवा होता ते सांगितलं.

स्टेकचं प्रकरण आणखी अवघड. चरबीचं अस्तर नसल्यामुळे बायसन बीफपेक्षा लवकर शिजतो आणि त्याहून लवकर वाळतो. अमेरिकन कृषी खात्याचा नियम असा की खिमा 71 अंशांपर्यंत शिजवा आणि स्टेक 63 अंशांना उतरवून तीन मिनिटं तसाच ठेवा. 63 अंशांना मांस मधोमध गुलाबी राहतं. मराठी माणूस गुलाबी रंग साडीत सहन करतो, मटणात नाही. "आत लाल दिसतंय, परत टाका" असं म्हणून तो स्टेकला 71 पार करायला लावतो आणि खात्रीसाठी वर दहा मिनिटं. त्यानंतर जे उरतं ते कापायला सुरी लागते आणि गिळायला वशिला.

खांद्याचा किंवा मांडीचा तुकडा मात्र आपल्या हातात सुखी राहतो, कारण आपल्याकडे कुकर आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर, बरोबर एक मैल. इथं पाणी 95 अंशांलाच उकळून मोकळं होतं, डाळ उघड्या पातेल्यात ठेवली तर माणूस शिजेल पण ती शिजणार नाही. म्हणून घरटी एक भारतातून आणलेला कुकर असतो. अमेरिकन पुस्तकं ज्याला मंद आचेवर सहा-आठ तास सांगतात, ते काम शिट्ट्यांवर निभावतं. पहिल्या शिट्टीला शेजारची म्हातारी दार वाजवून "सगळं ठीक आहे ना?" विचारते. दुसऱ्यांदा ती वाटी घेऊन येते.

तेल ओतण्यात आपण एकटे आहोत असं मात्र कुणी समजू नये. ज्यांनी हा प्राणी आरोग्याच्या नावावर विकायला काढला त्या अमेरिकनांचं ताट पाहा. हॉटेलात बायसन बर्गर मागवणाऱ्याच्या चेहऱ्यावर उपवास धरल्याचं समाधान असतं. वाढपी विचारतो, "चीज?" हो. "बेकन?" बरं. "फ्राइज की सॅलड?" इथं क्षणभर शांतता पसरते आणि मग फ्राइज येतात. सोबत कोला, पण डाएट, कारण कुठंतरी संयम हवा. बायसनचे अडीच ग्रॅम त्या ताटात शोधायला पंचनामा करावा लागेल.

त्याच्याही मागे जा. रँचवर जा. गवताळ माळावर मुक्त फिरणारा बायसन हे चित्र खरं आहे, पण बाजारात येणाऱ्या बऱ्याच बायसनना शेवटचे काही महिने धान्य खायला घालून भरवतात. कारण गिऱ्हाइकाला हवा असतो लीन प्राणी आणि चव हवी असते चरबीची. म्हणजे रँचवाला आत चरबी भरतो, आचारी वरून ओततो, आणि मध्ये पाकिटावर 'लीन' छापून घेतो. ज्यांना खरोखर गवतावरचाच हवा त्यांनी लेबलावर तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघावं. एक गोष्ट मात्र रँचवाल्याच्या पदरात घालायला हवी. बायसनला वाढीची हार्मोन्स देत नाहीत. आणि सरकारी मांस तपासणी कायद्याच्या यादीत गाय, डुक्कर, मेंढी, बकरी आहे, बायसन नाही. त्याची केंद्र सरकारी तपासणी ऐच्छिक, तिची फी मालकाच्या खिशातून. सरकारी माणसाला स्वतःच्या खर्चानं घरी बोलावून 'तपासा' म्हणणारा शेतकरी आपल्याकडे सापडला तर त्याचा सत्कार करतील किंवा वेड्यात काढतील.

हे चरबीचं वेड आजचं नाही. 1805 मध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीच्या काठानं पश्चिमेला चालली होती. माणसं दिवसभर होड्या ओढायची, आणि तेवढ्यांना एका दिवसाला एक अख्खा बायसन लागायचा, अशी लुईसची नोंद आहे. त्यांच्याबरोबर शारबोनो नावाचा दुभाषी होता. तो इतर बाबतींत यथातथाच, पण 9 मे 1805 ला त्यानं केलेल्या पदार्थाचं वर्णन लुईसनं असं रंगून केलंय की मोहिमेचा प्रमुख शोध तोच होता की काय वाटावं. बायसनचं आतडं, त्यात त्याचंच मांस, मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि पीठ भरायचं, उकडायचं, आणि मग तळायचं. कशात? अस्वलाच्या चरबीत. बायसनची पुरेना म्हणून दुसऱ्या प्राण्याची! तर्रीचा याहून सरळ पूर्वज मला इतिहासात सापडलेला नाही.

पण त्या माणसांना वेडं म्हणायचं कारण नाही, आणि इथं थट्टा जरा थांबवतो. ज्यांचं आयुष्यच या प्राण्यावर उभं होतं त्या माळरानावरच्या जमातींनी नुसतं लीन मांस कधी खाल्लं नाही. लाकोटा लोकांचा 'वास्ना' म्हणजे वाळवलेलं मांस कुटून त्यात चरबी आणि रानटी चेरी मिसळायच्या. पेमिकन म्हणून जगाला माहीत असलेला प्रकार याच घराण्यातला. त्यात मांस आणि चरबी वजनानं साधारण निम्मं-निम्मं. शिकारीत त्यांची पसंती वशिंडाला, जिभेला, हाडातल्या मगजाला. यामागे चोचले नव्हते. नुसत्या लीन मांसावर माणूस जगत नाही, आजारी पडतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. शहरी वैद्यकाला ते 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात कळलं. तिथं उत्तर ध्रुवाकडचा प्रवासी विल्यल्मूर स्टेफान्सन डॉक्टरांच्या देखरेखीखाली नुसतं मांस खाऊन राहिला. डॉक्टरांनी सुरुवातीला त्याला फक्त चरबी काढलेलं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांत त्याचं पोट बिघडलं आणि अंगातलं त्राण गेलं. चरबी परत सुरू केली आणि गडी ताळ्यावर आला. म्हणजे तेल सुटण्याची वाट बघणारी आपली आजी आणि चेरी कुटणारी लाकोटा आजी एकमेकींना भेटल्या असत्या तर दुभाष्याची गरज पडली नसती. फरक इतकाच की लाकोटा आजी नंतर मैलोन्‌मैल चालायची. आपण जेवल्यावर सोफ्यावर बसून पावलं मोजणारं घड्याळ चार्ज करतो.

या प्राण्याला आपण आरोग्यदायी म्हणून ताटात घेतो त्याला थोडी लाजेची पार्श्वभूमीही आहे. एके काळी कोट्यवधी बायसन या खंडावर होते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कातड्यांचा बाजार आला, सैन्याला जमातींचा अन्नाधार मोडलेला हवाच होता. कित्येकदा कातडं आणि जीभ काढून बाकीचं धूड माळावर कुजायला सोडलं. 1889 मध्ये विल्यम हॉर्नाडे यांनी मोजदाद केली तेव्हा हिशेब कसाबसा हजाराच्या वर गेला. मग पश्चात्ताप झाला. 1905 मध्ये बायसन वाचवायला संस्था निघाली, 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पंधरा बायसन आगगाडीनं ओक्लाहोमाला पाठवले. ज्या रेल्वेनं संपवले त्याच रेल्वेनं, बहुधा तिकीट काढून. 1913 च्या पाच सेंटांच्या नाण्यावर बायसन आला. त्या चित्रासाठी उभा राहिला असं मानला गेलेला 'ब्लॅक डायमंड' नावाचा नर मात्र 1915 मध्ये प्राणिसंग्रहालयानं विकला आणि त्याचे स्टेक न्यूयॉर्ककरांनी खाल्ले. 2016 मध्ये अमेरिकेनं बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राणी जाहीर केलं, आणि राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा खिमा त्याच आठवड्यात दुकानांत पूर्वीच्याच भावानं मिळत होता. एक मात्र खरं, खाणारे आहेत म्हणून पाळणारे आहेत, आणि पाळणारे आहेत म्हणून आज बायसन लाखांत मोजता येतात. बरेच कळप आता जमातींच्या स्वतःच्या जमिनींवर परत गेलेत. 2021 पासून डेन्व्हर शहरही आपल्या कळपातले जास्तीचे बायसन त्यांना देतं.

आरोग्यदायी बायसन कसा करावा हे कुणी खरंच दाखवलं असेल तर ते ओग्लाला लाकोटा आचारी शॉन शर्मन यांनी. मिनियापोलिसमध्ये 2021 ला त्यांचं 'ओवामनी' उघडलं आणि पुढच्याच वर्षी त्याला देशातल्या सर्वोत्तम नव्या रेस्तराँचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. तिथं गव्हाचं पीठ नाही, दूध नाही, उसाची साखर नाही. गोऱ्यांबरोबर जे जे आलं ते वगळलं. उरतं काय? बायसन, रानतांदूळ, बेरी, मॅपल, रानातला पाला. ही यादी वाचून आमचे मामा म्हणाले असते, "म्हंजे वनवासात रामानं खाल्लं तेच की." आणि हॉटेलात टेबल मिळायला लोक कित्येक दिवस आधी नंबर लावतात.

बायसनवाल्यांच्या संघटनेनं जुलै हा बायसनचा महिना ठरवलाय. आपली गटारी जुलैच्या उत्तरार्धात नाहीतर ऑगस्टात येते, तेव्हा एखाद्या वर्षी काहींच्या घरी हा योग जुळून येतो. त्यांच्यासाठी सांगतो. महागडे स्टेक दुकानातच राहू द्यात, खिमा घ्या. कढई मध्यम आचेवर ठेवा, मोठ्या आचेनं त्याचा भुगा होतो. कांदा भरपूर आणि बारीक, टोमॅटो थोडा जास्त, दोन चमचे घोटलेलं दही; ओलावा यांच्याकडून घ्या, तेलाकडे मागू नका. कांदा-लसूण मसाला तुमच्या घरचाच. मटार शेवटी. खिम्याचा लाल रंग गेला, थर्मामीटर 71 म्हणाला, की गॅस बंद. कढईच्या कडेकडे बघायचं नाही. खोबरं घालायचंच असेल तर चिमूटभर, आणि ते घातलंत हे डॉक्टरांना सांगू नका, पण स्वतःला सांगा. पौंडभर खिम्यात चार माणसं भाकरीबरोबर पोटभर जेवतात. चव मटणाच्या जवळची, किंचित गोडसर, वास कमी. चवीसाठी घेतलात तर पैसे वसूल आहेत. तब्येतीसाठी घेणार असाल तर आमच्याकडे त्याच दिवशी केलेली मसुराची आमटी जास्त गुणाची, कोलेस्टेरॉल शून्य, आणि सगळ्या पंक्तीला मिळून दोन डॉलर.

आणि काहीही करा, पण त्यावर चीज घालू नका.